धानाचा भाव कोण ठरवतो?

डिसेंबरात साकोलीकडून किंवा वडशाकडून लाखांदूर तालुक्यात शिरले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापून रिकाम्या झालेल्या बांध्या दिसतात. तणसाचे ढीग रचलेले असतात. कुठे अजून पुंजणे उभे असतात आणि त्यांच्यावर ताडपत्री ओढलेली असते. आधारभूत खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. ग्रेडर ट्रॉलीतून मूठभर दाणे उचलतो, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो आणि आकडा १७ टक्क्यांच्या आत आला की मान हलवतो. मग बारदाना भरला जातो, तोंड शिवले जाते, कट्टा काट्यावर चढतो. चाळीस किलो. शेतकरी काट्याकडे बघत उभा असतो, कारण जूनमधल्या पऱ्ह्यांपासून रोवणी, निंदण, तुडतुड्याची फवारणी, कापणी आणि मळणीपर्यंतचे सगळे कष्ट त्या एका आकड्यात यायचे असतात.

त्या कट्ट्याचा हिशेब मांडू. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला, म्हणजे कट्ट्याला ९४७ रुपये ६० पैसे. हा भाव दिल्लीत ठरला. त्यावर बोनस मिळाला तर तो राज्य सरकारचा, आणि त्याची घोषणा बहुतेक वेळा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात होते. केंद्र कोणत्या संस्थेला द्यायचे, कधी सुरू करायचे, याची हालचाल भंडाऱ्यातून होते. म्हणजे एका कट्ट्यामागे दिल्ली, नागपूर आणि भंडारा अशी तीन ठिकाणे झाली. चुकारे अडले की शेतकरी मात्र केंद्रावरच्या माणसाशी भांडतो, कारण त्याला समोर दिसतो तो तेवढाच.

सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. कोणता निर्णय कुठे होतो, तो कोण अडवू शकतो, कोण बदलू शकतो, हे कळले की निम्मे राज्यशास्त्र कळले. अमेरिकेची राज्यव्यवस्था समजून घ्यायला मला धानाइतका चांगला रस्ता दिसत नाही. तिथेही धान पिकतो. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा धान एकट्या आर्कान्सा राज्यात होतो, आणि तिथल्या शेतकऱ्यालाही भावाची चिंता असते. फरक एवढाच, की त्याच्या भावाचा आकडा मंत्रिमंडळ ठरवत नाही. तो कायद्यात लिहिलेला असतो.

याची सुरुवात १९३३ मध्ये झाली. महामंदीने शेतमालाचे भाव इतके पाडले होते, की शेतात पीक उभे असूनही कापणीचा खर्च निघत नव्हता. नवे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने त्या मे महिन्यात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, शेती सुधारणेचा कायदा केला. कल्पना अशी, की बाजारात माल कमी आला तर भाव वर जाईल, म्हणून काही जमीन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने पैसे द्यायचे. हे पैसे सूतगिरण्या, पिठाच्या गिरण्या अशा प्रक्रिया करणाऱ्यांवर कर बसवून उभे करायचे. गहू, कापूस, मका, तंबाखू यांच्याबरोबर तांदूळही त्या यादीत होता.

तीन वर्षेही झाली नाहीत तोच, जानेवारी १९३६ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदा मोडीत काढला. न्यायाधीशांचे म्हणणे असे, की शेतीचे उत्पादन हा राज्यांचा विषय आहे, आणि कराच्या आडून संघ सरकारला त्यात शिरता येणार नाही. काँग्रेसने केलेला आणि राष्ट्राध्यक्षांनी सही केलेला कायदा न्यायालय रद्द करू शकते, हा अधिकार अमेरिकेच्या संविधानात शब्दांत कुठेही लिहिलेला नाही. न्यायालयाने तो १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात स्वतःच सांगितला आणि देशाने तो मानला.

रूझवेल्ट चिडले. १९३६ ची निवडणूक प्रचंड मतांनी जिंकल्यावर त्यांनी न्यायाधीशांची संख्याच वाढवायचा प्रस्ताव आणला. सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचे बहुमत होते, तरी सिनेटने तो बाजूला सारला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पक्ष एक असला तरी सभागृहाने आपले काम सोडले नाही. तोवर न्यायालयाचाही सूर बदलू लागला होता. १९३८ मध्ये काँग्रेसने शेतीचा कायदा नव्याने लिहिला. या वेळी आधार घेतला तो राज्याराज्यांमधल्या व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकाराचा.

या नव्या कायद्याची परीक्षा एका शेतकऱ्याने घेतली. ओहायो राज्यातल्या रॉस्को फिलबर्न यांना ११.१ एकर गव्हाची परवानगी होती आणि त्यांनी २३ एकर पेरला. जादा गव्हावर ११७ डॉलर ११ सेंट दंड बसला. ते म्हणाले, हा गहू मी विकलाच नाही, तो माझ्या जनावरांना, कोंबड्यांना आणि घरच्या भाकरीला लागतो, यात व्यापार कुठे आला? आपल्याकडचा कोणताही शेतकरी हेच विचारेल. घरी खायला ठेवलेल्या धानावर सरकारचा काय हक्क? १९४२ मध्ये न्यायालयाने एकमुखाने उत्तर दिले: घरचा गहू खाल्ला म्हणजे बाजारातून तेवढा घेतला नाही; लाखो शेतकऱ्यांनी असेच केले तर देशाच्या बाजारावर परिणाम होतो; म्हणून संघ सरकारला त्यावर नियम करता येतो. एका माणसाच्या कोठारातला गहू देशाच्या व्यापारात मोजला गेला. संघ सरकारचा हात तिथे इतका लांब झाला तो अशा खटल्यांमधून, संविधानात शब्दही न बदलता.

आता काँग्रेसच्या आत डोकावू. तिची दोन सभागृहे. प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य, मुदत दोन वर्षे, जागा लोकसंख्येप्रमाणे. सिनेटमध्ये १०० सदस्य, मुदत सहा वर्षे, प्रत्येक राज्याला दोनच जागा, मग राज्य कॅलिफोर्नियाएवढे असो की वायोमिंगएवढे. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ खासदार आणि सिक्कीमचा एक. तिथे अशी तफावत ठेवलेलीच नाही. शेतीप्रधान लहान राज्यांचा आवाज दिल्लीपेक्षा वॉशिंग्टनमध्ये मोठा का, याचे हे एक कारण.

विधेयक मांडले की ते आधी समितीकडे जाते, आणि खरी झुंज तिथेच होते. समितीचा अध्यक्ष विधेयक घेईल की नाही, कोणते कलम ठेवेल, यावर पुढचे सारे ठरते. २०२५ मध्ये सिनेटच्या शेती समितीचे अध्यक्ष झाले ते जॉन बूझमन, आर्कान्साचे सिनेटर. त्या वर्षीच्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात धानाचा संदर्भभाव शंभर पौंडांना १४ डॉलरवरून १६ डॉलर ९० सेंट झाला. शंभर पौंड म्हणजे सुमारे ४५ किलो, आपल्या कट्ट्याहून थोडे जास्त. बाजारभाव या आकड्याच्या खाली गेला तर फरकाची रक्कम सरकार शेतकऱ्याला देते, पण त्यासाठी आपल्यासारखी धानाची खरेदी करत नाही. तिथे काटा नाही, ग्रेडर नाही, बारदान्याची टंचाई नाही.

दोन्ही सभागृहांनी अक्षरन् अक्षर एकच मसुदा मंजूर करावा लागतो, मग तो राष्ट्राध्यक्षांकडे जातो. त्यांनी नाकारला तर दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी त्यांच्यावर मात करू शकतात. सिनेटमध्ये शिवाय एक जुना नियम आहे: चर्चा थांबवायला ६० मते लागतात, म्हणून साध्या बहुमताने बहुतेक विधेयके पुढे सरकत नाहीत. अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकांसाठी एक वेगळी वाट आहे, तिथे ही अट नाही. २०२५ चा कायदा त्याच वाटेने गेला. सिनेटमध्ये ५०-५० अशी मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने तो तरला.

नकाराधिकाराचे सर्वांत बोलके उदाहरण २००८ चे. शेतीचा मोठा कायदा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी खर्चिक म्हणून नाकारला. प्रतिनिधिगृहाने ३१६ विरुद्ध १०८ आणि सिनेटने ८२ विरुद्ध १३ मतांनी त्यांचा नकार उलथवला. मग लक्षात आले, की व्हाइट हाउसला पाठवलेल्या प्रतीतून व्यापाराविषयीचा अख्खा भागच गळाला होता! काँग्रेसने पूर्ण विधेयक पुन्हा मंजूर केले, बुश यांनी पुन्हा नाकारले, काँग्रेसने जूनमध्ये पुन्हा उलथवले. एका कारकुनी चुकीसाठी महासत्तेने सारी प्रक्रिया पुन्हा केली, आडवाट शोधली नाही.

शेतकऱ्यांची संख्या तिथे अगदी थोडी. मग त्यांच्यासाठी इतकी मते कुठून येतात? १९७३ पासून शेतीच्या कायद्यातच गरिबांच्या अन्नसाहाय्याची योजना गुंफलेली आहे. शहरांतले प्रतिनिधी अन्नसाहाय्यासाठी मत देतात, गावांकडचे भावासाठी, आणि दोघांचे काम एकाच कायद्यात होते. आपल्याकडे हा धागा रेशनच्या दुकानातून जातो. केंद्रावर घेतलेला धान राइस मिलमध्ये भरडाईला जातो आणि तोच तांदूळ २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली रेशनवर येतो. लाखांदूरच्या शेतकऱ्याचा भाव आणि मुंबईतल्या झोपडीतले ताट एकाच साखळीत आहेत, हे आपल्या राजकारणात फारसे बोलले जात नाही. बोलले गेले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. हमीभाव कोणत्याही कायद्यात नाही. कृषी खर्च व मूल्य आयोग, जो १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग म्हणून सुरू झाला, तो शिफारस करतो. राज्यांची मते मागवली जातात. केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती निर्णय घेते. संसदेत मतदान होत नाही. राज्याच्या बोनसचेही असेच. २०२०-२१ च्या हंगामात क्विंटलला ७०० रुपये, ५० क्विंटलच्या मर्यादेत. पुढच्या वर्षी काहीच नाही. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरला हेक्टरी १५ हजारांची घोषणा झाली, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि २०२३ मध्ये ती २० हजारांवर गेली. क्विंटलमागे बोनस दिला की व्यापाऱ्याचा धान दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विकला जातो, ही तक्रार जुनीच होती.

आर्कान्साच्या शेतकऱ्याला कायद्याची मुदत असेपर्यंत आकडा ठाऊक असतो. आपल्या शेतकऱ्याला रोवणीच्या वेळी बोनस मिळणार की नाही हेही ठाऊक नसते. उलट, आपल्याकडे निर्णय एका बैठकीत होऊ शकतो. तिथे एक कलम बदलायला वर्षे जातात. २०१८ च्या शेती कायद्याची मुदत २०२३ मध्ये संपली, आणि नवा पूर्ण कायदा न जमल्यामुळे जुन्यालाच मुदतवाढ मिळत राहिली.

ही दोन वळणे का पडली, याचे उत्तर ज्या माणसाने दिले त्याचे नाव भंडारा जिल्ह्याशी जोडलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. अमेरिकेची व्यवस्था त्यांनी जवळून पाहिली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी निवडला जातो, काँग्रेसमध्ये बहुमत नसले तरी त्याची खुर्ची जात नाही; म्हणून तिथे स्थैर्य अधिक. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळाला सभागृहात रोज जाब द्यावा लागतो, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासातून. म्हणून तिथे जबाबदारी अधिक. दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत, आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सहा वर्षांनी, १९५४ मध्ये, ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. संविधानाच्या शिल्पकाराला इथल्या मतदाराने नाकारले, ही खंत या मातीत अजून आहे. 

बाबासाहेबांच्या त्या जबाबदारीचे आज काय झाले? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदार-खासदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर त्याची जागा जाऊ शकते. १९३७ मध्ये रूझवेल्ट यांच्याच पक्षाच्या सिनेटरांनी जे केले, ते आपल्या सभागृहात आज करायचे तर जागा पणाला लावावी लागेल. हा कायदा घोडेबाजार थांबवायला आला. घोडेबाजार थांबला नाही. मत देताना स्वतःच्या मतदारसंघाचा विचार करणे मात्र अवघड झाले. मला हे आपल्या व्यवस्थेतले मोठे दुखणे वाटते.

सभागृहाच्या अध्यक्षपदाचेही बघा. पूर्वी लाखांदूर हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. आता हा तालुका साकोली मतदारसंघात येतो. इथले आमदार नाना पटोले डिसेंबर २०१९ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते पद जुलै २०२२ पर्यंत रिकामे होते, तरी उपाध्यक्षांनी सभागृह चालवले. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने आपले अध्यक्ष केव्हिन मॅकार्थी यांना हटवले, तेव्हा नवा अध्यक्ष मिळेपर्यंत तीन आठवडे कायद्यांचे काम ठप्प झाले. तिथला अध्यक्ष बहुमताच्या पक्षाचा उघड नेता असतो आणि कोणते विधेयक कधी यायचे हे तोच ठरवतो. आपल्याकडे त्याने निःपक्ष राहावे अशी अपेक्षा असते. आणि मताची किंमत दोन्हीकडे सारखीच: २००० मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरला, २०२४ मध्ये साकोलीचा आमदार २०८ मतांनी ठरला.

संघराज्य म्हणजे काय, हे तर लाखांदूरच्या म्हाताऱ्या माणसाला पुस्तकावाचून कळावे. १९४५ मध्ये इथे जन्मलेला माणूस आधी मध्य प्रांत व वऱ्हाडचा रहिवासी होता, मग मध्य प्रदेशाचा, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्याचा आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा. त्याने घर बदलले नाही, बांधीचा बांधही हलवला नाही. आपली संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, मानावे लागत नाही. अमेरिकेत राज्याच्या संमतीवाचून त्याची जमीन तोडून दुसरे राज्य करता येत नाही. तिथे राज्ये आधी होती आणि त्यांनी मिळून संघ केला.

पैशाच्या दोरीने ओढणे मात्र दोन्हीकडे आहे. १९८४ मध्ये अमेरिकी संघ सरकारने राज्यांना सांगितले, दारू पिण्याचे वय २१ करा, नाहीतर महामार्गांचा काही निधी कापू. एक राज्य न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये हरले. आपल्याकडे शेती राज्यांच्या सूचीत, अन्नधान्याचा व्यापार समवर्ती सूचीत. २०१४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले, की हमीभावावर बोनस द्याल तर गरजेपलीकडचे धान्य आम्ही घेणार नाही. २०२० चे तीन शेती कायदेही समवर्ती सूचीच्या आधारानेच आले. ते संसदीय समितीकडे गेले नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि वर्षअखेर संसदेने ते मागे घेतले. समितीत शेतकऱ्यांचे म्हणणे आधीच ऐकले असते, तर दिल्लीच्या सीमेवर एक वर्ष बसायची वेळ आली नसती.

एक गोष्ट मात्र अमेरिकेकडून बेलाशक घ्यावी. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याप्रमाणे तिथल्या सरकारी खात्याला नवा नियम करायचा असेल तर मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, कोणाही नागरिकाला त्यावर लेखी म्हणणे मांडता येते, आणि खात्याला त्यातल्या महत्त्वाच्या हरकतींना उत्तर द्यावे लागते. उत्तर न देता नियम केला तर न्यायालय तो रद्द करू शकते. आपल्याकडे धान खरेदीच्या अटी शासन निर्णयाने येतात: नोंदणीची मुदत, एकरी मर्यादा, लागणारी कागदपत्रे. मसुदा आधी दाखवायची सक्ती नाही. लाखांदूर, बारव्हा, दिघोरीच्या शेतकऱ्याला नियम कळतो तो केंद्राच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून, तेव्हा हंगाम डोक्यावर आलेला असतो. खरिपाचा मसुदा एप्रिलमध्ये निघाला आणि १ मेच्या ग्रामसभेत वाचला गेला, तर यासाठी संविधान बदलावे लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे. आपल्या आमदाराकडे मागायची असेल तर ही मागणी आधी मागा.

तोवर एवढे तरी करा: पुढच्या हंगामात केंद्रावर जाताना सातबारा आणि नोंदणीच्या पावतीबरोबर त्या वर्षीच्या धान खरेदीच्या शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवा. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर तो मराठीत असतो आणि फुकट मिळतो.